काटा खरं बोलतो, पण तो लावला तर

आमच्या तालुक्यातल्या एका गावात, बौद्धवाड्यातल्या एका घरी बसले होते. चहा झाला. अकरा महिन्यांची मुलगी आईच्या मांडीवर होती, शांत. जरा जास्तच शांत. अकरा महिन्यांचं लेकरू परकं माणूस दिसलं की रडतं, नाहीतर चहाच्या कपाकडे हात मारतं. हिनं दोन्हीतलं काही केलं नाही. मी आईला कार्ड मागितलं. तिनं ट्रंकेतून काढून दिलं. कार्डावर दर महिन्याला ठिपका होता, सगळे ठिपके हिरव्या पट्ट्यात, आणि रेघ फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ वर गेलेली. शेवटचं वजन लिहिलं होतं ७ किलो ८०० ग्रॅम.

माझ्या पिशवीत ताणकाटा असतोच. वाशाला दोरी बांधली, काटा अडकवला, रिकामी झोळी लावून शून्य केलं, मुलीचे कपडे काढले आणि तिला झोळीत बसवलं. काटा ५ किलो ९०० ग्रॅमवर थांबला. मी पुन्हा शून्य केलं, पुन्हा बसवलं. तेवढंच. दंडाला पट्टी लावली, ती लाल रंगात आली.

"अंगणवाडीत वजन घेतात ना तुमच्याकडे?"

"बाई येते ना. इथं दारात उभी राहते, लेकरू बरं हाय का म्हणून विचारते, अन् लिहून जाते."

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आजाराबद्दल काही लिहीत नाही. वजनाबद्दल लिहिते. बाळाचं वजन कोणी घ्यायचं, कसं घ्यायचं, कागदावरची रेघ कशी वाचायची, आणि ती रेघ खोटी असेल तर ते घरातल्या माणसाला कसं ओळखता येईल.

पहिली गोष्ट, हे काम कोणाचं आहे. गावात दोघी जणी आहेत. एक आशाताई, दुसरी अंगणवाडी सेविका. बाळ दवाखान्यात जन्मलं तर आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. बाळंतपण घरी झालं तर पहिल्या दिवशीसुद्धा. या भेटींत तिनं बाळाचं वजन घ्यायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचा, अंगावर कसं पितंय ते पाहायचं. त्यासाठी तिला पिशवी मिळते: काटा, झोळी, थर्मामीटर, घड्याळ. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा घरी भेट. ही दुसरी योजना २०१८ पासूनची आहे. आणि दर महिन्याचं वजन अंगणवाडीत, सेविकेकडे. तर मग तुमच्या घरी बेचाळीस दिवसांत आशाताई सहा वेळा आली का, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उपकार म्हणून ती येत नाही, त्या भेटींचे पैसे सरकार तिला देतं. थोडे देतं आणि उशिरा देतं, ते वेगळं.

गावातल्या कमी शिकलेल्या बाईच्या हातात काटा द्यायचा ही कल्पना सरकारला सुचलेली नाही. ती आपल्याच महाराष्ट्रातून वर गेली. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यात आपल्या समाजातल्या बायकाही होत्या. ज्या बाईच्या हातचं पाणी कोणी पीत नव्हतं, तिच्या हातात गावातली लेकरं वजनाला द्यायची, हे त्या काळी लहान काम नव्हतं. नंतर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. त्या बाया घरी जाऊन नवजात बाळाचं वजन घेत, त्याला ऊब देत, अंगावर पाजायला मदत करत, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून औषध देत. तिथे दर हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात साधारण ६२ बाळं मरत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशाताई ज्या घरभेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे.

आता वजन कसं घ्यायचं ते. मी वॉर्डात होते तेव्हा आम्हाला वाटायचं, वजन घेणं हे सगळ्यांत सोपं काम, ते नवीन मुलीला द्या. चूक होती ती. वजन घेणं सोपं दिसतं म्हणून त्यातच सगळ्यांत जास्त चुका होतात.

काटा टांगायचा तो घेणाऱ्याच्या डोळ्यासमोर येईल अशा उंचीवर. खालून वर बघून किंवा वरून खाली बघून वाचलं तर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणायचा. हे विसरलं की झोळीचंही वजन बाळाच्या खात्यात जमा. बाळाच्या अंगावर कमीत कमी कपडे. थंडीच्या दिवसांत आया नाही म्हणतात, मला कळतं. दार लावा, दोन मिनिटांचं काम आहे, झाल्यावर लगेच गुंडाळा. पण स्वेटर, टोपी, लंगोट, पायातले चाळ यांसकट वजन घेतलं तर ३००-४०० ग्रॅम तिथेच वाढतात. आणि हे ऐका: नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंत चांगलं वाढणारं बाळसुद्धा महिन्याला साधारण २००-२५० ग्रॅमच वाढतं. म्हणजे नोव्हेंबरमध्ये उघडं मोजलं आणि डिसेंबरमध्ये स्वेटरसकट मोजलं तर बाळ वाढलं नसलं तरी कागदावर वाढलेलं दिसतं. एक स्वेटर महिनाभराची उपासमार झाकू शकतो.

दुसरी मोठी चूक जन्मतारखेची. कार्डावरचे रंग वयावर ठरतात. समजा मुलीचं वजन ६ किलो ८०० ग्रॅम आहे. ती दहा महिन्यांची असेल तर हिरव्यात येते, काठावर का होईना. ती बारा महिन्यांची असेल तर तेच वजन पिवळ्यात जातं. दोन महिन्यांचा फरक, आणि मूल एका रांगेतून दुसऱ्या रांगेत. दवाखान्यातला जन्म असेल तर कागद असतो. पण ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवर असलेल्या घरांत तारीख हरवते. अशा वेळी मी विचारते: भीमजयंतीच्या आधी का नंतर? पोळ्याला बाळ किती दिवसांचं होतं? वर्षावास सुरू झाला होता का? अशा खुणांवरून तारीख आठ-दहा दिवसांपर्यंत आणता येते. अंदाजानं १ जानेवारी किंवा १ जून लिहून मोकळं होऊ नये. तारीख ठरली की जन्मदाखला काढा. तो पुढे शाळेला लागतो, शिष्यवृत्तीला लागतो, सगळीकडे लागतो.

लांबी घ्यायची तर दोन वर्षांखालच्या बाळाची आडवं झोपवून, फळीवर. एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे. एकटी बाई लांबी घेते आहे असं दिसलं तर समजा की तो आकडा कच्चा आहे. दोन वर्षांवरच्या मुलाची उंची उभं करून घेतात. वयाच्या मानानं लांबी कमी असेल तर भूक जुनी आहे. लांबीच्या मानानं वजन कमी असेल तर भूक आत्ताची आहे, आणि ती जिवावर बेतू शकते.

दंडाची पट्टी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत चालते. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पट्टी ना सैल ना आवळलेली. साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, अतितीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळा. तिला वीज लागत नाही, काटा लागत नाही, मोबाईलला रेंज लागत नाही. मला विचाराल तर प्रत्येक विहारात ही एक पट्टी असायला हवी. दोन्ही पायांवर अंगठ्यानं दाबून खड्डा राहतो का तेही बघा. सूज असलेल्या मुलाचं वजन खोटं जास्त येतं, आणि दोन्ही पायांना सूज असणं हे स्वतःच अतितीव्र कुपोषणाचं लक्षण आहे, पट्टी काहीही दाखवो.

आता कागदावरची रेघ. बहुतेक आया फक्त रंग विचारतात. "हिरव्यात आहे ना? मग झालं." रंगापेक्षा रेघेची दिशा जास्त सांगते. बाळ लहान जन्मलं, पिवळ्यात आहे, पण त्याची रेघ दर महिन्याला छापील रेघांच्या बरोबरीनं वर चढते आहे, तर ते बाळ वाढतं आहे. तेच एखादं बाळ हिरव्यात आहे पण दोन महिने रेघ आडवी आहे, तर काहीतरी बिघडलं आहे आणि रंग बदलायची वाट बघू नये. रेघ खाली वळली तर त्याच आठवड्यात दवाखाना.

ठोकताळे पाठ असू द्या. जन्माचं वजन अडीच किलोच्या खाली असेल तर बाळ कमी वजनाचं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं, घाबरू नका, दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम. पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट. जन्माला लांबी साधारण ५० सेंटिमीटर, वर्षाला ७५ च्या आसपास. वर्षाच्या मुलीचं वजन ७ किलोच्या खाली आणि मुलाचं ७ किलो ७०० ग्रॅमच्या खाली असेल तर रेघ पिवळ्यात गेली. मुलाचा आणि मुलीचा तक्ता वेगळा असतो, निळा आणि गुलाबी. घाईत चुकीच्या पानावर ठिपका पडलेला मी पाहिला आहे.

या तक्त्याबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक बैठकीत सांगते. "आमची लेकरं लहानच असतात, आमच्या खानदानातच तसं आहे," असं आपल्याच घरांतून ऐकू येतं, आणि वरच्या आळीतूनही ऐकू येतं, वेगळ्या सुरात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलं अभ्यासली. ज्या मुलांना अंगावरचं दूध मिळालं, पुढे चांगलं खाणं मिळालं, घर स्वच्छ होतं, आई विडी-सिगारेट ओढत नव्हती, अशीच मुलं घेतली. भारतातली मुलं दिल्लीची होती. निकाल असा की सहाही देशांतली मुलं पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखीच वाढली. नॉर्वेचं गोरं बाळ आणि घानाचं काळं बाळ, लांबीत फरक नगण्य. या अभ्यासावरून २००६ मध्ये तक्ते निघाले आणि तेच आज आपल्या अंगणवाडीत आहेत. तेव्हा तुमचं बाळ खुजं राहिलं तर कारण रक्तात, जातीत किंवा मागच्या जन्मात शोधू नका. ताटात शोधा, पाण्यात शोधा, आईला किती दिवसांची विश्रांती मिळाली त्यात शोधा.

आईवरून आठवलं. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तो कायदा कारखान्यातल्या बायांसाठी झाला. कापूस वेचणारी, निंदणाला जाणारी आपली बाई आजही नवव्या महिन्यापर्यंत वावरात असते. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. तेवढ्यात किती महिने घर चालतं ते तुम्हीच सांगा, पण फॉर्म भरल्याशिवाय राहू नका.

आता जरा आपल्याच घरातलं. मागे एका आजीनं झोळी बघून मला दारातच अडवलं. "अवो सिस्टर, लेकरू मोजू नोका. मोजलं का लेकरू वायते." तिच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, तथागतांचा फोटो. बाळाच्या कमरेला काळा दोरा, गळ्यात ताईत. मी म्हटलं, आजी, नागपूरला छप्पन साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हा तुमचे वडील होते म्हणता, मग हा दोरा कोणाचा? ती हसली, पण दोरा काही काढला नाही. मीही ओढून काढला नाही. तिला म्हटलं, काटा तुम्ही धरा, आकडा तुम्ही वाचा. तिला आकडे येत होते, मंगळवारच्या बाजारात भाजी विकायची ती. तिनं वाचलं, मी लिहिलं. पुढच्या महिन्यात तिनंच बाळ आणलं, आणि मागच्यापेक्षा किती वाढलं ते मला आधीच सांगितलं. दोऱ्याचा उपयोग सांगू का? तो महिन्या-महिन्याला सैल व्हायला लागला तर बाळ वाळतंय हे कळतं. पण त्यासाठी पट्टी आहे.

मग त्या अकरा महिन्यांच्या मुलीची रेघ इतकी सुंदर कशी आली? सेविकेला मी भेटले. तिला दोष देऊन मोकळं व्हायचं असतं तर हा लेख दहा ओळींत संपला असता. तिच्याकडे काटा होता, स्प्रिंग गेलेली. नवा मागून वर्ष झालं होतं. दर महिन्याला मोबाईलमध्ये माहिती भरायची, नाही भरली तर नोटीस. आणि लाल मुलं जास्त दाखवली तर बैठकीत सगळ्यांसमोर उभं करून विचारतात, तुझ्याच अंगणवाडीत इतकी कशी? खरं लिहिणाऱ्या बाईला शिक्षा आणि खोटं लिहिणारीला शाबासकी, असा हिशेब असेल तर रेघा सुंदरच येणार. हे सगळं मला पटलं. पण मी तिला आणखी एक विचारलं: गावातल्या बाकीच्या घरी तुम्ही आत जाता, बसता, मूल उचलून घेता. वाड्यात उंबरठ्याबाहेरून का लिहिता? ती काही बोलली नाही. मीही पुढे काही बोलले नाही, उत्तर दोघींना ठाऊक होतं.

बाळाला हात न लावता त्याचं वजन घेता येत नाही. शिवाशिव कायद्यानं गेली, पण कार्डावर ती अशी उरते, दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २१ मध्ये झालं. त्यात महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि जवळजवळ २६ टक्के मुलं उंचीच्या मानानं कृश निघाली. चार मुलांतलं एक कृश. तुमच्या गावच्या अंगणवाडीच्या फळ्यावर लाल-पिवळ्या मुलांच्या रकान्यात शून्य लिहिलेलं असेल, तर एकदा जाऊन काटा बघून या.

त्या मुलीला आम्ही तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात. आई तयार नव्हती. घरी दुसरं लेकरू, वेचणीचे दिवस. केंद्रात आईला बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम मिळते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या दोघींनी मोठ्या लेकराला ठेवून घेतलं तेव्हा ती निघाली. चौदा दिवस राहिली. परत आली तेव्हा मुलगी ६ किलो ७०० ग्रॅमची होती आणि माझी पिशवी ओढत होती. घरी आल्यावर काय द्यायचं ते तिला साधंच सांगितलं: अंगावरचं चालूच, दिवसातून चार-पाच वेळा घट्ट वरण-भात किंवा भाकरी कुस्करून, प्रत्येक वाटीत चमचाभर तेल, जमेल तेव्हा अंडं. पातळ पाणी-पाणी वरण नको. त्यानं पोट भरतं, बाळ भरत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीच नको, गुटी नको, पाणीसुद्धा नको, फक्त अंगावरचं.

त्या वाड्यात आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, वंदना झाल्यावर, विहारातच वजन होतं. आयाबाया कार्ड घेऊन येतात. आम्ही सेविकेला बोलावलं. पहिल्या रविवारी ती आली नाही, दुसऱ्याला आली. आता ती तिथेच बसून आपल्या वहीत लिहिते. बाळाला झोळीत आई ठेवते, आकडा आईच मोठ्यानं वाचते, ठिपका सगळ्यांसमोर पडतो. कार्ड आईकडेच राहतं. ते तुमचं आहे, दवाखान्याचं नाही, कोणी ठेवून घेतलं तर परत मागा.

तुमच्या वाड्यात हे सुरू करायचं असेल तर आधी काटा तपासून घ्या. एक लिटरची बाटली पाण्यानं काठोकाठ भरा. पाणी बरोबर एक किलो, बाटलीचे वीस-पंचवीस ग्रॅम. अशा पाच बाटल्या झोळीत घाला. काटा पाचच्या किंचित पुढे आला तर ठीक. साडेपाच दाखवत असेल, किंवा साडेचारवर अडकत असेल, तर त्या काट्यावर लेकरू चढवू नका. ग्रामसभेत नव्या काट्याचा अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.